पाटणकरांनी बघितलेली म्हैस

बारामतीत भिगवण रोडला ट्रॅक्टरच्या स्पेअरपार्टचं एक दुकान हाय. खाली नांगराचं फाळ, रोटाव्हेटरची पाती, ग्रीसचा वास. आन् वरच्या मजल्यावर एक म्हैस. एवढी थोरली म्हैस जिना चढून वर गेली कशी, आसं इचारू नका. ती वरच जल्मली. कंपुटरात.

तिचं नाव चंद्री. तिला जल्माला घातली दिशानं. दिशा माहेरची निरवांगीची, सासर बारामतीतलंच. पुण्यात शिकली, हैदराबादेत दुसऱ्यांच्या पिक्चरमधली माकडं न् राक्षस नाचवत बसली, आन् एक दिवस तिच्या मनानं घेतलं की आपल्या मुलखाचा, थेटरात बसून बघावा आसा अख्खा पिक्चर आपुन करायचा. नवरा समाधान बी त्याच लायनीतला. पडद्यावरचा उजेड न् सावली बघायचं काम त्याचं. दोघांनी यिऊन वरचा मजला भाड्यानं घेतला, कंपुटर मांडलं, हिकडचीच पोरंपोरी शिकवून तयार केली, आन् स्टुडिओ चालू केला.

आता स्टुडिओ म्हणलं की लोकांना वाटतं, हितं नटनट्या येत आसतील. गल्लीतली निम्मी जण काय ना काय निमित्त काढून जिना चढून गेली. बघत्यात तर काय, पोरं अंधारात टीव्हीकडं तोंड करून बसल्याली. कुणी म्हशीचा कान हलवतंय, कुणी शिंग घासतंय. श्रिया म्हणून एक पोरगी, ती सकाळपासनं म्हशीचं शेपूट एकदा डावीकडं न् एकदा उजवीकडं करत व्हती. बघणाऱ्यांनी खाली यिऊन सांगितलं, पगार देत्यात म्हणं, पर काम काय दिसंना बया.

ह्या धंद्याची रीत घर बांधल्यावानी आसती. आधी नुसती चित्रं, म्हंजी चुन्याची फक्की टाकून आखल्यालं जोतं. मंग राखाडी बाहुल्या हलत्यात, त्या झाल्या इटा. रंग, उजेड, अंगावरचं केस, ह्यो सगळा गिलावा शेवटाला, आन् खरा खर्च गिलाव्यालाच. म्हणून पिक्चर अर्धाकच्चा आसतानाच थेटरवाल्या थोरल्या कंपनीच्या माणसाला बोलवून दावायचा. त्याच्या मनाला आला तर कंपनी हात देती, पिक्चर पुरा हुतो, गावोगाव लागतो. न्हाय आला, तर इटा तशाच उन्हापावसात.

तवर पोटासाठी मिळंल ते करायचं. खताची गोणी नाचवून दाव, टूथपेस्टला हातपाय काढ, कुणाच्या लग्नाच्या पत्रिकंत नवरानवरी ढगातनं खाली उतरव. एका पत्रिकंत नवरा इतका देखणा उतरवला, की मांडवात खरा नवरा बघून नवरीकडची माणसं अडून बसली, म्हणाली आमाला पत्रिकंतलाच पायजे. आसं दिशाची सासू ताईबाई सांगती. ताईबाईचं निम्मं धरायचं आन् निम्मं सोडायचं, ही सगळ्या आळीला सवय हाय.

गोणी नाचवता नाचवता चंद्री वाढत व्हती. पर पोरं कटाळली व्हती. पुण्यावरनं, हैदराबादेवरनं बोलावणी यायची, दोघं-तिघं गेलीबी. ह्या खेपंला कुणी पिक्चर घेतला न्हाय, तर बाकीचीबी जाणार, स्टुडिओला कुलूप, आन् चंद्री कायमची कंपुटरात कोंडून पडणार. दिशाला हे पक्कं ठावं व्हतं. ती कुणाला बोलायची न्हाय, पर चहाचा कप हातात घिऊन गार हुईस्तोवर बसायची.

चंद्रीची गोष्ट तशी साधी. करमाळ्याच्या अंगाला, उजनीच्या पल्याड तिचं घर. मालक तिला हिकडं माळेगावात इकतो. नव्या गोठ्यात पेंड मिळती, पंखा मिळतो, पर तिचं मन काय रमत न्हाय. एक दिवस दावं तोडून ती घरची वाट धरती. बास, एवढंच. वाटंत तिला जी माणसं भेटत्यात, ती गंमत.

दिशाची एक अट व्हती. आपली म्हैस बोलणार न्हाय, गाणार न्हाय, गॉगल लावणार न्हाय. म्हैस म्हशीवानीच वागंल. त्यासाठी ती कन्हेरीच्या गोठ्यात बादली पालथी घालून दिवसदिवस बसायची. म्हैस उठताना आधी मागनं उठती का फुडनं, ह्यावर स्टुडिओत दोन तट पडलं व्हतं. चंद्री इतकी हुबेहूब झाली, की एक दूधवाला तिला पडद्यावर बघून किटली घिऊन फुडं सरकला, आसं म्हणत्यात. म्हणणारी कोण, ते काय सांगायला नको.

तर एक दिवस मुंबईवरनं फोन आला. मोठी कंपनी, थेटरात पिक्चर लावणारी. त्यांच्याकडं पिक्चर पारखायला नीळकंठ पाटणकर म्हणून एक गृहस्थ व्हतं. ते सोलापूरला निघालं व्हतं, जाता जाता दुपारचं बारामतीला यिऊन बघून जातो म्हणालं. स्टुडिओत धांदल उडाली. समाधाननं पडद्याची खोली झाडून घेतली. त्या खोलीतल्या खुर्च्या म्हंजी इंदापुरात भंगारात निघाल्याल्या ट्रॅव्हल्सच्या गाडीची शिटं. मागं दाबलं की आडवी हुणारी, लई गुबगुबीत. एसी बी त्या दिवशी नीट चालंल आसा करून घेतला.

ताईबाईनं इचारलं, पाव्हण्याच्या जेवणाचं काय. दिशा म्हणली, आत्या, आधी पिक्चर, मंग बघू. सासूला आत्या म्हणायची तिकडं रीतच हाय. ताईबाईनं पदर खवचला आन् म्हणली, आमच्यात पाव्हण्याला उपाशी पोटी कामाला लावत न्हायती, तुमच्या हैदराबादेत लावत आसतील. निरवांगीला दिशाच्या आईनं बी हेच केलं आसतं. येणारा माणूस जेवल्याबिगर दाराबाहीर गेला, तर त्या घराचं नाव चार गावं घेत्यात.

पाटणकर आलं. सडपातळ, चष्म्याचं, बोलणं मऊ. जिना चढतानाच त्यांनी सांगून ठिवलं की दुपारी ते फकस्त काकडी न् दही घेत्यात. ताईबाईनं मान डोलावली. काकडी वाढली, दही वाढलं, आन् त्यांच्या शेजारी पुरणपोळी वाढली. पोळीवर तूप, वाटीत दूध, दुसऱ्या वाटीत कटाची आमटी, वर भजी, वर कुरडई. पाटणकर नको म्हणायला तोंड उघडत व्हतं तेवढ्यात दुसरी पोळी पडली. ताईबाईचा आग्रह म्हंजी साखर कारखान्यातली ऊस ओढून घेणारी गव्हाण. आत पडल्याली मोळी परत निघत न्हाय. ताईबाई तोंडानं म्हणायची, बास आता, त्यांना जास्त हुईल, आन् हातानं वाढायची. पाटणकरांनी डोळं मिटून खाल्लं. शेवटाला त्यांनी स्वताहून एक पोळी मागितली, आन् तितंच घोटाळा झाला.

त्यांना खोलीत नेलं. शीट मागं झालं. एसी लागला. लाईट बंद केली. पडद्यावर माळेगावच्या उसाच्या गाड्या दिसाय लागल्या, चंद्रीनं मान वर केली, आन् पाटणकरांची मान खाली गेली.

आधी दिशाला वाटलं, डोळं मिटून आवाज ऐकत आसतील. मोठी माणसं करत्यात तसं. मंग घोरणं चालू झालं. समाधाननं आवाज वाढवायला बटणाकडं हात नेला, तर ताईबाईनं त्याच्या मनगटाला धरलं. म्हणली, जेवून निजल्याला पाव्हणा उठवत न्हायती, अन्न अंगी लागत न्हाय. समाधाननं बायकूकडं बघितलं. दिशा उठली, पाटणकरांच्या मागं जाऊन हुभी ऱ्हायली. हैदराबादेत आसती तर तिनं खुर्ची पाडली आसती, फोन वाजवला आसता, काय तरी केलं आसतं. हितं तिनं हात फुडं केला, पर त्यो काय त्यांच्या खांद्याला टेकंना. लहानपणापासनं ऐकल्यालं आसतं ना, पाव्हणा निजला की चपला बी हातात घिऊन चालायचं. ती परत जाऊन गप बसली.

चंद्रीनं दावं तोडलं. बारामतीतनं गेली, उसातनं गेली, पूल वलांडून पल्याड गेली, आन् घरला पोचली. पाटणकर आपलं सुरात व्हतं. श्रिया मागनं सांगायची, एका जागी तर त्यांचं घोरणं संगीतात इतकं चपखल बसलं, की ते ठिवावं का काय आसं वाटलं.

लाईट लागली. पाटणकरांनी डोळं उघडलं, चष्मा सारखा केला, आन् जरा येळ छताकडं बघत बसलं. मंग घसा खाकरून म्हणालं की पहिला भाग बांधीव हाय, मधी जरासं रेंगाळतं, पर शेवट मनाला भिडतो. आसं कुठल्याबी पिक्चरबद्दल सांगता येतं. कुठल्याबी लग्नाबद्दल बी सांगता येतं.

दिशा खाली मान घालून वायरी गुंडाळाय लागली. तिला कळून चुकलं, गडी आता सोलापूरला जाणार, आन् तितं पोचल्यावर गोड शब्दात नकार धाडणार. तेवढ्यात दारातनं, ताकाचा गलास हातात घिऊन, ताईबाईनं इचारलं.

"आन् साहेब, चंद्री उजनीवरनं उडत जाती, ते कसं वाटलं?"

समाधानला ठसका लागला. पिक्चरमधी उडायचं नावच न्हवतं. दिशाच्या हातातली वायर तशीच ऱ्हायली. पाटणकरांनी एकदा ताईबाईकडं बघितलं, एकदा ताकाकडं.

"ते? अहो, तोच तर तुमच्या चित्रपटाचा प्राण आहे," ते म्हणालं. "तिथे मी अगदी पुढे सरकून बसलो."

ताक पिऊन ते गेलं. गाडी भिगवणच्या अंगाला वळल्यावर दिशा सासूवर उखडली. एवढी वर्सं घासली, आन् शेवटाला त्या माणसाची चेष्टा केली म्हणून. आपला पिक्चर खरा हाय, त्याच्या नावानं खोटं कशाला बोलायचं म्हणून.

"खोटं त्यो बोलला गं," ताईबाई म्हणली. "मी नुसतं इचारलं."

त्यानंतर आठवडा गेला का दोन, कुणी मोजलं न्हाय. दिशानं आशा सोडली व्हती, पोरं खताच्या गोणीला मिशा काढत व्हती, आन् फोन वाजला. पाटणकर. आवाजात नुसती साखर. म्हणालं, वरच्या साहेबांना पिक्चर लई आवडला. साहेबांनी बघितला न्हवता, ह्यांच्या तोंडनं ऐकला व्हता. आन् ह्यांनी सांगितलं काय, तर म्हैस उडती ते. पहिल्या बैठकीत म्हैस नुसती उडाली. दुसऱ्या बैठकीत तिच्या भवती गुलाबी पक्षी आलं. तिसरीत कुणाच्या तरी डोळ्यात पाणी आलं. आता साहेब म्हणत्यात, पोस्टरवर तेच टाकायचं, थेटरमालकांना तेच दावायचं. तर तेवढा एक सीन रंगवून, पक्का करून ठिवा. मी स्वता यिऊन बघतो, आन् सही करून टाकतो.

दिशानं फोन ठिवला आन् सगळ्यांना सांगितलं. आधी सगळी हसली. मंग हळूहळू हसायची थांबली.

कारण आता झाली पंचाईत. खरं सांगावं, तर पाटणकरांची साहेबापुढं लाज जाणार, आन् लाज गेल्याला माणूस सही कशाला करंल? खोटं निभवावं, तर म्हैस उडवावी लागणार. समाधान म्हणला, उडव की, आपल्या हातात काय न्हाय का, खताची गोणी उडती तर म्हैस उडाय काय झालं. श्रियानं गंमत म्हणून करून बी दावलं. चंद्रीला पंख लावलं, उजनीवरनं सोडली. पोरं पोट धरून हसली. टेंपोतनं कुणी गादी फेकावी तशी चंद्री हवंतनं चालली व्हती, आन् तोंडावर भाव मात्र रवंथ केल्याचं.

दिशा हसली न्हाय. तिनं एवढंच इचारलं, ही आपली चंद्री हाय का?

घरी गेल्यावर समाधाननं तिला समजावलं. एक सीन खोटा झाला तर काय बिघडतं, बाकीची पोरं टिकत्याल, स्टुडिओ टिकंल. दिशा म्हणली, एक पंख लावला की फुडच्या टायमाला गॉगल लावा म्हणतील. मंग तिला गाणं म्हणाय लावतील. मंग त्या गोणीत न् आपल्या म्हशीत फरक काय ऱ्हायला? आन् तिनं ठरवलं, पाटणकरांना फोन करायचा आन् सरळ सांगायचं. जाईल तर जाईल.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं दार लावून घेतलं आन् फोन लावला. बोलणं पाठ करून ठिवलं व्हतं. पर ती जवा म्हणली, सर, त्या उडायच्या सीनबद्दल एक खरं सांगायचंय, तवा पाटणकर तिकडं घाबरलं आसावं. त्यांनी तिला फुडं बोलूच दिलं न्हाय. लागलं आपलं तो सीन वर्णन कराय. आकाश कसलं, उजेड कसला, पक्षी कसं. दिशाला जरा चीडच आली. न बघितल्याली गोष्ट माणूस मलाच सांगतोय, तर बघू किती सांगतोय, म्हणून तिनं इचारलं.

"सर, पंख कसे वाटले तिचे?"

तिकडनं पाटणकरांचा आवाज आला, पर दुखावल्यासारखा.

"पंख? पंख कुठे होते? काहीतरीच काय. म्हैस आहे ती. पाय मारत होती. सावकाश. खाली ढग, बाजूला ढग, आणि ते गुलाबी पक्षी तिच्या पोटाखालून जात होते. तिला अजिबात घाई नव्हती हो. घरी निघालेल्याला काय घाई."

दिशाच्या तोंडचं पाठ केल्यालं बोलणं तोंडातच ऱ्हायलं. साहेबाला सांगून सांगून ह्या माणसाला ते खरंच दिसाय लागलं व्हतं. बरं सर, एवढंच म्हणून तिनं फोन ठिवला, आन् भिंतीकडं बघत बसली. पाय मारत व्हती. सावकाश.

सकाळी तिनं समाधानला उठवलं, गाडी काढाय लावली. भिगवणच्या फुडं, उजनीच्या काठाला जाऊन दोघं बसली. वारं न्हवतं. पाणी आसं निवांत, की वरचं आभाळ हाय तसं खाली उतरल्यालं. ढग पाण्यात, सूर्याचा तांबूसपणा पाण्यात. एक बाप्या म्हशी घिऊन आला. म्हशींनी वाट बी बघितली न्हाय, गेल्या सरळ आत. एक एक करत पाय सुटलं जमिनीवरनं, आन् नुसती शिंगं न् नाकं पल्याडच्या अंगाला चालली. तेवढ्यात वरनं फ्लेमिंगोची गुलाबी रांग गेली. वर गेली तशी खालनं बी गेली. म्हशीच्या पोटाखालनं.

दिशानं समाधानचा हात गच्च धरला. समाधाननं म्हशीकडं बघितलं, पाण्याकडं बघितलं, बायकूच्या तोंडाकडं बघितलं, आन् त्याचं तोंड उतरलं.

"न्हाय," त्यो म्हणला. "पाणी न्हाय. दिशा, आपलं ठरलं व्हतं पाणी करायचं न्हाय."

व्हय, ठरलं व्हतं. कंपुटरात म्हैस करणं सोपं, पाणी करणं म्हंजी इस्तवाशी खेळणं. एक लाट केली की तिच्या मागं दुसरी, प्रत्येकीत आभाळ निराळं दिसायला पायजे, वल्ली म्हैस निराळी चमकायला पायजे. म्हणून तर समाधाननं सुरवातीलाच चंद्रीला पुलावरनं न्हेली व्हती. डांबरी रस्ता, दोन्ही कडंनी कठडा, पाणी लांब खाली, सपाट, चादर अंथरल्यावानी.

आन् आता काठाला बसून दिशाला ते दिसलं. म्हैस म्हशीवानीच वागंल, आसं ती सगळ्या जगाला सांगत फिरली, आन् तिची म्हैस एवढं थोरलं पाणी शेजारी आसताना पुलावरनं कोरडी गेली. आख्ख्या इंदापूर तालुक्यात आसली म्हैस घावायची न्हाय. मधी रेंगाळतं, म्हणालं व्हतं पाटणकर. झोपंत म्हणालं, पर बरोबर तितंच रेंगाळत व्हतं.

"आरं, पाण्यात न गेल्याली म्हैस," दिशा म्हणली, "ती उडणाऱ्या म्हशीपरीस खोटी हाय की."

समाधाननं बूट काढलं, पँट वर दुमडली, आन् पाण्यात हुभा राहून उजेड कसा पडतो ते बघाय लागला. नवरा म्हणून त्यो बरा हाय. कुरकुर करतो, पर बूट काढून करतो.

मंग काय, दुसरी कामं बंद. गोणी अर्ध्या मिशीत सोडून दिली. श्रिया पाण्यातल्या म्हशीचं पाय हलवायला बसली. ते जमिनीवरनं चालणं निराळं न् ह्ये निराळं, ती केल्यालं दहांदा पुसून परत करायची. समाधान पाण्याला बसला. कंपुटर रातंदिवस तापलं. ताईबाई सांगती की तिनं त्या खोलीत दोन सुपं कुरडया वाळवल्या, आन् खालच्या दुकानदारानं तिथल्या गरमीवर चहा उकळून घेतला. कुरडयांचं खरं हाय, श्रियानं बघितल्यात. चहाचं काय सांगता येत न्हाय.

एक थाप मात्र दिशानं मुद्दाम मारली. उजनीचं पाणी एवढं नितळ कधी नसतंय, की वरनं म्हशीचं पाय दिसावंत. तिनं ते नितळ केलं. समाधाननं भुवया वर केल्या, तर म्हणली, आसू दे, तेवढं चालतं. ताईबाईला सून पहिल्यांदाच घरच्यातली वाटली.

पाटणकर आलं तवा पुरणाचा वास जिन्यापतूर व्हता. त्यांनी पहिल्या पायरीवरच हात जोडलं आन् म्हणालं, आई, आज आधी पिक्चर. ताईबाईनं मुकाट्यानं झाकण ठिवलं. खोलीत त्यांनी शीट मागं केलंच न्हाय. पाठ ताठ, हात गुडघ्यावर, वर्गात बसल्याल्या पोरावानी.

लाईट बंद झाली. चंद्री काठाला आली. एका अंगाला पूल, त्यावरनं उसाचं ट्रॅक्टर धडधडत चालल्यालं. तिनं पुलाकडं बघितलं, नाक फुरफुरवलं, आन् वळून पाण्यात उतरली. गुडघ्यापतूर, पोटापतूर, आन् मंग पाय सुटलं. बघणारा हळूहळू वर वर जातो, पार घारीच्या उंचीला, आन् सरळ खाली बघतो. तितं पाणी हाय हे कळतच न्हाय. नुसतं आभाळ. ढगातनं एक काळी म्हैस पाय मारत चालली, सावकाश, कान फडफडवत. तिच्या पोटाखालनं गुलाबी पक्ष्यांची माळ गेली. एक पक्षी मागं ऱ्हायला, त्यो बी गेला. कुठनं तरी ट्रॅक्टरचा आवाज लांबनं येत व्हता, त्यो सुदिक बंद झाला.

पडदा काळा झाला. पाटणकर हलंनात. समाधाननं लाईट लावली, तर त्यांनी हातानंच सांगितलं, परत. परत लावलं. दुसऱ्या खेपंला दिशानं पडद्याकडं बघितलंच न्हाय, त्यांच्याकडं बघितलं. गुडघ्यावरचं त्यांचं हात हळूहळू हलत व्हतं, एक फुडं, एक मागं.

लाईट लागली. त्यांनी चष्मा काढला, रुमालानं पुसला, परत लावला.

"हे त्या दिवशी नव्हतं," ते म्हणालं.

श्रिया खुर्चीत ताठ झाली. समाधाननं बटणावरचा हात काढला न्हाय. सही, स्टुडिओ, पोरं, सगळं त्या एका वाक्यावर येऊन टेकलं व्हतं. दिशाला खोटं बोलता आलं आसतं. व्हतं की सर, तुमीच तर म्हणला व्हता, आसं म्हणली आसती तर त्यांनी ते आनंदानं मान्य केलं आसतं.

"नव्हतं," दिशा म्हणली.

"मी वर सगळ्यांना सांगून बसलोय की होतं."

"आता हाय की."

पाटणकरांनी तिच्याकडं बघितलं. मंग त्यांचं खांदं हलाय लागलं. आधी कुणाला कळंना हसत्यात का रडत्यात. हसत व्हतं. समाधान हसला, श्रिया हसली, दारामागं ताईबाई पदर तोंडाला लावून हसली. दिशा तेवढी हसली न्हाय, ती जवळच्या शिटावर बसली.

पाटणकरांनी बॅगंतनं कागद काढलं, पेन काढलं, मांडीवर ठिवलं. कागदाकडं बघितलं, आन् काय वाटलं कुणास ठाऊक, पेनाला टोपण लावलं.

"सही मी आजच करतो," ते म्हणालं. "पण आधी सुरुवातीपासून लावा. ती म्हैस घरी पोचते की नाही, तेच मला अजून माहीत नाही."